मिस्त्री, थोडं हेड घासा!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांकडे हल्ली एक खास गिऱ्हाईक येतं. हातात जुन्या स्प्लेंडरचं हेड, मोबाईलवर कुणा अमेरिकन गड्याचा व्हिडिओ आणि मागणी एकच, "मिस्त्री, कम्प्रेशन वाढवून द्या. साडेदहा तरी पायजे. तिकडं ९१ च्या पेट्रोलवर आरामात चालतंय."

चालतंय की! पण तिकडचं ९१ वेगळं. आपल्याकडे ऑक्टेन सांगतात ते रिसर्च पद्धतीचं. अमेरिकेत पंपावर लिहितात ती रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी. त्यांचं ९१ आपल्या मापानं ९५-९६ भरतं. आपण वर्षानुवर्षं जे साधं ९१ भरलं, ते त्यांच्याकडे ८७ ठरलं असतं, म्हणजे तिथलं सगळ्यात स्वस्त.

आता लेथवरचा हिशेब. इंजिन ९७.२ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, कम्प्रेशन रेशो ९. पिस्टन वर गेल्यावर उरते जेमतेम १२ सीसी जागा. हेड एक मिलिमीटर घासलं की त्यातले ढोबळमानानं दोन सीसी गेले आणि रेशो साडेदहा. पदरात काय? पुस्तकी सूत्रानं कार्यक्षमता चारेक टक्के जास्त. रस्त्यावर तीही पुरती हाती लागत नाही.

नॉकिंग मात्र लागलीच येतं. ठिणगीची आग पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपणहून पेटतं, आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं हेड वाजू लागतं. मे महिना, डबल सीट, करूळ घाट, टॉप गिअर आणि पिळलेला थ्रॉटल: ऐकून घ्या. नव्या मोटारीत नॉक सेन्सर असतो, तो ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. कार्बोरेटरवाल्या स्प्लेंडरला असलं कोण सांगणार? पिस्टनला भोक पडलं की कळतं.

दुसरी जमात गाडी तशीच ठेवते आणि तिला १०० ऑक्टेन पाजते. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंग सोसायची ऐपत. जे इंजिन नॉकच करत नाही, त्याला हा दीडपटीच्या आसपासचा खर्च कशाला?

खरा विनोद पुढे आहे. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं मानक किमान ९५ ऑक्टेन मागतं. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या घरात, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा उठवायचा तर रेशो वाढवावा लागतो, म्हणजे हेड घासायला आणणाऱ्याची दिशा बरोबरच आहे. मात्र रेशोबरोबर टायमिंग आणि जेटही बदलावे लागतात. तेवढी यातायात कंपनीनं कारखान्यात केली तरच फळ मिळतं. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचा रेशो तोच राहिला. आपल्याच उसाचं ऑक्टेन टाकीत येऊन वाया जातं आणि घटलेलं ॲव्हरेज तेवढं गिऱ्हाईकाच्या खिशातून जातं.

तरीही घासायचंच असेल, तर आधी मेडिकलमधून एक सिरिंज आणा. हेडमध्ये तेल भरून चेंबर किती सीसीचं आहे ते मिस्त्रीला मोजायला सांगा. "अंदाज आहे आपल्याला" असं तो म्हणाला, तर हेड उचला आणि घरी जा.