मागचं इंजिन

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण तयार झालं, असं म्हणतात. कर्जत-खालापूरच्या बाजूला त्याने जरा जास्तच जोर लावला असावा. रायगड जिल्हा म्हटलं की लोक डोळे मिटून अलिबाग-मुरुड आठवतात. आमच्या वाट्याला डोंगर आला. खरं तर उल्हास आणि पाताळगंगा अशा दोन अख्ख्या नद्या आम्ही समुद्राला देतो. तो बदल्यात ढग पाठवतो, तेही सगळे एकदम.

हा अन्याय दूर करायचा म्हणून आमच्या चिरंजीवांनी समुद्रच घरी आणला. काचेची टाकी आली, जोकर माशांची जोडी आली आणि पाठोपाठ बंगळुरूहून नोकरीचं पत्र आलं. चिरंजीव गेले, समुद्र वडिलांकडे राहिला.

शेजारच्या पेण तालुक्यात मिठागरं आहेत, पण टाकीला साधं मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे सगळं प्रमाणात असलेलं खास मीठ लागतं. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम. पहिली गोणी आली तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी तुम्हाला मीठ कमी करायला सांगितलंय ना?"

मिठाचं जमलं, पण मासे जेवतात आणि जेवल्यावर जे करायचं ते तिथेच करतात. त्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि तिथे येऊन गाडी थांबते. नायट्रेट पाण्यात साचत राहतं. समुद्र मोठा आहे, त्याला पचतं; आमच्या दिवाणखान्याला पचत नाही. सारखं पाणी बदला, नाहीतर रिफ्युजियम करा, असा चिरंजीवांचा फोनवरून हुकूम आला.

म्हणजे काय, तर टाकीखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं, सावकाश फिरतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. तिच्यात थोडी रेती, थोडे दगड, किटोमॉर्फा नावाचं समुद्री शेवाळ आणि त्यावर एक दिवा. माशांना प्रवेश बंद. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन फोफावतं. वाढलेलं मूठभर उपटून टाकलं की तेवढी घाण घराबाहेर गेली. त्याच गुंत्यात कोपेपॉड नावाचे बारीक जीव निर्धास्त पोरंबाळं वाढवतात. त्यातले काही पंपाबरोबर वर जातात आणि माशांची न्याहारी होते.

शेजारचे तात्या पाहायला आले. त्यांची भातशेती. म्हणाले, "आम्हाला बेणणीला माणूस मिळत नाही, आणि तू तण वाढायला दिवा लावून बसलास?" मग भात संशोधन केंद्राच्या दिशेने बोट दाखवत म्हणाले, "तिथे नेऊन दे. कर्जत-3 झालं, कर्जत-7 झालं. आता कर्जत-तण काढतील."

हा दिवा रात्रीच लावायचा असतो. अंधारात वरच्या टाकीत सगळे नुसते श्वास सोडतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच घसरतो. तेव्हा खालचं शेवाळ उजेडात जागं राहून तो वायू शोषतं. परिणामी आमच्या खिडकीतून रात्रभर जांभळा प्रकाश बाहेर पडतो. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आळीतल्या एका काकूंनी सौ.ला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांचं सगळं बरं आहे ना?"

मला मात्र हे रिफ्युजियम लगेच समजलं, कारण माझी सगळी नोकरी बँकर इंजिनावर गेली. कर्जतहून लोणावळ्याकडे चढण 37 फुटांना एक फूट. पुढच्या इंजिनाला एकट्याने ती झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर जोडतात. तेवढ्या वेळात प्रवासी वडापाव खातात आणि त्यांना वाटतं, गाडी वडापावसाठीच थांबली. घाट संपला की बँकर सुटतं. आजवर कुणी मागच्या इंजिनाला टाटा केलेला नाही. आमच्याकडेही पाहुणे काचेला नाक लावून "निमो, निमो" करतात; कपाट उघडून शेवाळाची विचारपूस कुणी करत नाही.

पावसाळ्यात वीज जाणार, हे इकडे पंचांगात लिहायची गरज नाही. पंप थांबला की वरचं थोडं पाणी खाली उतरतं. म्हणून खालची टाकी काठोकाठ भरायची नाही, आणि वर जाणाऱ्या नळीला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक ठेवायचं. तिथून हवा शिरली की पाण्याची उलटी ओढ तुटते आणि फरशी कोरडी राहते. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची.

तुम्हालाही घरात समुद्र हवा असेल तर आधी कपाटातलं तण लावा. कुणी पोवळ्याचा दगड देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने पोवळी संरक्षित आहेत आणि जिवाणू साध्या सच्छिद्र दगडावरही घर करतात, फक्त वेळ लागतो. मासे सगळ्यात शेवटी आणा. तेवढा धीर नसेल तर सरळ गप्पी पाळा. ते डासांच्या अळ्या तरी खातात.