हवेतला धुरा

नांदेडहून लातूरला निघालं आणि लोहा मागं पडलं, की अहमदपूर येईपर्यंत बालाघाटाच्या चढ-उतारात दडलेली गावं लागतात. यातल्या कुठल्याही गावात उतरा आणि पारावर उभं राहून ‘नेट चालंना गेलंय’ एवढंच मोठ्यानं म्हणा. चहा येण्याआधी एक गृहस्थ येतील. शर्टाच्या खिशात टेस्टर, मनगटात बांगडीसारखं काळ्या टेपचं रीळ, आणि चेहऱ्यावर ‘मला ठाऊकच होतं’ असा भाव. हे नेटमामा. ते कुणाचे नोकर नाहीत. कनेक्शन देणारा तालुक्याला बसतो आणि फोन उचलत नाही. मामा गावात बसतात आणि न बोलावता येतात.

मामांचं शिक्षण पत्र्यावर झालं. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेव्हा वर चढून अँटेना फिरवायचं काम या पोराकडं होतं. खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असा कल्लोळ व्हायचा. राम वनवासाला गेला तोही त्यांनी ऐकलाच, पाहिला नाही. पण चित्र बिघडलं की पाहुण्यांसकट सगळं घर आपल्याकडं बघतं, हे त्या वयात मनावर बिंबलं ते कायमचं. पुढं केबल आली, मोबाइल आला, मामा पत्र्यावरच राहिले.

आता गावात वायरलेस नेट आहे. तालुक्यातल्या उंच इमारतीवरची डिश गावच्या पाण्याच्या टाकीवरल्या डिशकडं तोंड करून असते, आणि टाकीवरून ते घरोघर वाटलं जातं. एवढी उंच जागा गावात दुसरी नसते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात रिकाम्या टाकीचाही असा उपयोग निघाला. पाणी आठ दिवसांआड येतं, नेट रोज येतं. निदान यायला पाहिजे.

ते येईनासं झालं की मामांची तपासणी सुरू होते. राऊटरला ते लगेच हात लावत नाहीत. पहिला प्रश्न : “शेजारी कोण कोण हाय?” दुसरा : “त्येनं नवं काय आणलं?” मग मोबाइल निघतो. त्यात एक अ‍ॅप असतं. आसपासचे सगळे राऊटर त्यात रंगीत डोंगरांसारखे दिसतात, एकमेकांत घुसलेले. मामा स्क्रीनवर बोट ठेवतात, “ह्यो हिरवा तुमचा. अन् ह्यो तांबडा तुमच्या चुलत्याचा. बगा, धुऱ्यावर नांगर घातलाय त्येनं.”

ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे तेवढे बाकी राहतात. चुलता धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरतो, हे त्याचे वडील तहसीलपासून कोर्टापर्यंत सांगत गेले आणि कुणाला पटलं नाही. आज मोबाइलनं रंगासकट दाखवून दिलं! नेट अजून सुरू झालेलं नसतं, पण गिऱ्हाईक तृप्त असतं.

आता गंमत अशी, की यात मामांचं फारसं चुकत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडं १३ चॅनलं आहेत. आकडा ऐकून वाटतं, गावाला पुष्कळ झाली. पण दोन चॅनलांत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आणि एका राऊटरला पसरायला साधारण २०-२२ लागतात. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न जाणारी चॅनलं तीनच : १, ६ आणि ११. मधल्या ३ नंबरवर कुणी बसला, की तो दोन्हीकडचा धुरा कोरतो. त्यात पुण्याहून सुट्टीला आलेला एखादा इंजिनिअर नातू ‘स्पीड वाढवतो’ म्हणून राऊटरची रुंदी २० वरून ४० करून जातो आणि निम्म्या पट्ट्यावर एकटा लोळतो. मामांना चुलत्यापेक्षा या नातवाचा राग जास्त. “दोन एकरवाल्यानं चार एकर पेरल्यावर शेजाऱ्यानं कुठं जावं?”

तक्रार करायलाही जागा नाही. सरकारनं हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला. परवाना नको, म्हणून कुणीही वापरावा. आणि दुसऱ्यानं अडथळा केला तर संरक्षण मागता येत नाही, हीच त्याची अट. तलाठ्याला विचारून उपयोग नाही, पोलीस पाटलाला सांगून उपयोग नाही. “ह्याचा सातबारा निघत नसतोय,” मामा म्हणतात, “म्हणून तर मी हाय.”

मात्र मामांचा दोष असा, की एकदा धुरा सापडल्यावर त्यांना जगात दुसरं काही दिसत नाही. रात्री आठ ते अकरा गाव व्हिडिओ बघत बसतं, तेव्हा नेट मंदावतं ते गर्दीनं. सगळ्यांत मिळून येतंच तेवढं, तर वाट्याला थेंब यायचा. पण मामांना हे अगदीच मिळमिळीत कारण वाटतं. त्यात गुन्हेगार कुणीच नाही. मग लग्नातला डीजे पकडला जातो, माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या पकडल्या जातात. एकदा तर कीर्तनकार बुवांच्या कॉर्डलेस माइकवर शंका घेतली गेली. बुवांचा माइक भलत्याच फ्रिक्वेन्सीवर होता, पण बुवा शेजारगावचे होते.

डिशांच्या वाटेतल्या लिंबाच्या बाबतीत मात्र मामांना मानलं पाहिजे. शिमग्याला नेट पळतं आणि पाडव्यानंतर रडतं, हे त्यांनी कुठल्याही पुस्तकाविना शोधून काढलं. शिशिरात लिंब झडतो, चैत्रात पालवीनं भरतो, आणि ओली हिरवी पानं या लहरी शोषतात नि विखुरतात. दोन डिशांमधली सरळ रेघ मोकळी दिसली म्हणजे झालं असंही नसतं. ५ गिगाहर्ट्झच्या डिशा असतील तर ५ किलोमीटरच्या अंतरात रेघेच्या मध्यावर सभोवार सुमारे ८ मीटरची हवा जमेल तेवढी रिकामी लागते. कनेक्शनवाल्याचा तालुक्याहून आलेला पोरगा ‘लिंब आडवा येत नाही’ म्हणून निघून गेला. मामांनी शेंड्याकडं बघून पाइप दहा फूट वर चढवला. लिंब तोडायचं नाव कुणी काढलं नाही, कारण तो ज्याच्या दारात होता त्याच्या घरात पाच मतं होती.

मामांच्या कर्तबगारीचा कळस मी पाहिला तो पीक विम्याच्या मुदतीच्या आठवड्यात. सेवा केंद्रापुढं रांग, अर्ज भरत आला की चक्र फिरायला लागायचं. “काय करायचं मामा? नुसतं फिरूलालंय!” मामांनी संध्याकाळी पारावर बैठक घेतली. ग्रामपंचायत, शाळा, सेवा केंद्र आणि किराणा दुकान, असे चार राऊटर एकाच चौकात. चॅनलं तीन.

सरपंचबाईंच्या वतीनं त्यांचे मालक आले होते. ते म्हणाले, “पंचायतीला एक नंबर.” सेवा केंद्रवाला म्हणाला, “गर्दी माझ्याकडं, एक नंबर मला.” एकपेक्षा सहाचा वेग कमी नसतो हे मामांनी सांगून पाहिलं. कुणाला पटेना. गाडीच्या नंबरासाठी जादा पैसे भरणारी माणसं ही. शेवटी “सहा म्हणजे सहापट” असं शुद्ध असत्य सांगून मामांनी सेवा केंद्राला वाटेला लावलं. उरलं अकरा.

“मला अकरावं कामून?” दुकानदार उसळला. “दुकानाला दहावं-अकरावं घालूलालाव का?”

सगळे गप्प. मुख्याध्यापक सरांनी ‘मग बारा-तेरा...’ असं म्हणून पाहिलं. तीही चॅनलं आपल्याकडं खुली आहेत, पण बारावं नि तेरावं घ्यायला तर पारावर कुणीच धजेना. तसंही ती अकराच्याच अंगावर जातात. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर असते, पण जुन्या माळवदाच्या दगडमातीच्या भिंतीपुढं ते हात टेकतं, आणि दुकान माळवदातच.

मामांनी टेपचं रीळ मनगटावर फिरवलं. “अकरावं कशाला म्हणता, शेठ? एकादशी म्हणा की.”

शेठ माळकरी. त्यांनी लगेच गळ्यातल्या माळेला हात लावला. शाळा दिवसा, दुकान संध्याकाळी, म्हणून दोघांनी मिळून अकरा घ्यायचं ठरलं. शाळेला विचारलंच नाही. मिळेल ते घ्यायची तिला सवय आहे. सेवा केंद्रातले अर्ज त्या रात्री धडाधड गेले.

हा तह टिकला तो शेठच्या मुलानं सुईनं राऊटरचं रीसेट बटण दाबेपर्यंत. राऊटर ‘ऑटो’वर गेला आणि पुन्हा जागा मिळेल तिथं बसायला लागला. मामा अ‍ॅप उघडून पुन्हा चौकात उभे.

तुमच्या गावात असे मामा असतील तर एवढं करा. नवा राऊटर आणलात तर रुंदी २० वर ठेवा, १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते घ्या, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट काम झालं की बंद करा. मामांना फोन रात्री आठनंतर लावू नका. त्या वेळी ते स्वतः व्हिडिओ बघत असतात.