येतानाचं भाडं

परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ, आणि माझ्या भाच्याच्या मते या नऊही तालुक्यांत माल पोत्यांची तोंडं शिवून, रस्त्याच्या कडेला येऊन, फक्त त्याच्या गाडीची वाट बघत बसलेला आहे. दसऱ्याला त्यानं छोटा हत्ती घेतला. तेव्हापासून त्याच्या लेखी माणसं ‘पार्टी’ झाली, गावं ‘फेरी’ झाली आणि मी, त्याचा सख्खा मामा, बिनपगारी क्लीनर झालो. “क्लीनर ठेवायचा म्हणजे रोज द्यावा लागतो, मामा. तुम्हाला पेन्शन हाय,” असं तो सरळ तोंडावर म्हणाला. जन्म शिक्षण खात्यात गेला, पण नेमणुकीचं इतकं स्वच्छ कारण मला कुठल्याही आदेशात वाचायला मिळालं नव्हतं.

ही गाडी टाटांनी २००५ साली बाजारात आणली. त्याआधी गिरीश वाघ यांच्या हाताखालची मंडळी तीनचाकी टेम्पोवाल्यांना गाठून, ‘बाबा, तुला नेमकं काय पाहिजे?’ असं विचारत हिंडली होती. बाकीच्यांनी काय मागितलं ते कुणाच्या लक्षात नाही. एकानं मात्र सांगितलं म्हणे, की चार चाकं असली तर गावात लग्नाला चांगली स्थळं येतील. दोन सिलिंडरच्या सातशे सीसी इंजिनामागं एवढी मोठी सामाजिक प्रेरणा होती. आमच्या ताईनं हा किस्सा ऐकलेला नाही, पण डाऊन पेमेंटसाठी तिनं पाटल्या मोडल्या त्या याच हिशेबानं. नोकरी नसलेल्या पोराला आमच्याकडं मुलगी मिळत नाही. गाडीचा मालक म्हटलं की निदान चहा तरी विचारतात.

भाच्याचा कायद्याचा अभ्यास दांडगा. भरल्या गाडीचं वजन ३,००० किलोच्या आत असलं तर परमिट लागत नाही, हे तो झोपेतही सांगेल. साधं कारचं लायसन ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला चालतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केलं. “पाच जज आपल्या बाजूनं हायेत,” असं तो चौकातल्या पोलिसालाही सांगून बसला. पोलिसानं पाचांना मान दिला आणि पीयूसी मागितली.

गाडीच्या मागं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं रंगवलेलं आहे. पेंटरनं जर्मनी डाव्या बाजूच्या फळीवर संपवली आणि परभणी मागच्या फाळक्यावर घेतली. त्यामुळं माल भरायला फाळका पाडला की परभणी उलटी लोंबते आणि जर्मनी जागच्या जागी राहते.

तुळशीची लग्नं आटोपली आणि पहिलं लांबचं भाडं लागलं. परभणीहून गंगाखेडला, लग्नघरी, मुलीच्या संसाराचं सामान पोचवायचं. लोखंडी कपाट, दिवाण, गादी, आरशाचं टेबल आणि भांड्यांची खोकी. दुकानापुढं माल चढला, दोर आवळला, कपाटाखाली बारदाना घातला, नारळ फुटला, आणि तेवढ्यात नवरीची आजी पुढं आली. म्हणाली, “म्या कपाटासंगं येणार.”

हौद्यात माणूस बसवायचा नाही. अपघात झाला तर विमा कंपनी मालगाडीतल्या पाहुण्यांना ओळख दाखवत नाही. भाच्यानं हे पाच जजांसकट समजावून सांगितलं. मी सांगितलं की ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, लालपरीनं आरामात जा. आजी म्हणाली, “एसटीत कपाट मावतंय का?” या प्रश्नाला खात्यातर्फे उत्तर नव्हतं. केबिनमध्ये जागा दोन, एक ड्रायव्हरची आणि एक माझी. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. धंद्यात नाती आणायची नाहीत, हे त्याच्या नजरेत इतकं स्पष्ट लिहिलं होतं की मी स्वतःच खाली उतरलो आणि अर्ध्या तिकिटात एसटीनं निघालो.

प्रवासवर्णन लिहायचं ते छोट्या हत्तीचं, आणि पहिला टप्पा झाला एसटीतून. पोखर्णी फाट्यावर नृसिंहाचे भक्त उतरले आणि दैठण्याला तेवढेच नवे चढले. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. मधल्या एका वळणावर आमची गाडी दिसली. भाचा ताशी तीसनं चालला होता आणि खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर येऊन त्याला ‘हळू, हळू’ असं खुणावत होता. एसटीनं त्यांना ओलांडलं. मी हात केला. भाच्यानं ओळख दाखवली नाही, आजीनं दाखवली. खळीच्या पुढं पूल लागतो. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, आणि पुलावर आलं की एसटीतले सगळे खिशात सुट्टे पैसे चाचपतात. कंडक्टर मागतो तेव्हा हेच पैसे कुणाकडं नसतात.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. त्यांचं दळण दळायला आणि शेण्या वेचायला प्रत्यक्ष विठ्ठल यायचा, अशी कथा आहे. आमच्या फाळक्यापाशी मात्र कुणी आलं नाही. मांडवातले तरुण मोबाइलमध्ये होते, हमाल म्हणाले कपाटाची वाराई वेगळी, आणि नवरीचे वडील म्हणाले, “वाराई तुमच्याकडं.” भाचा म्हणाला, “बोलीत नव्हती.” यावर दोघंही काही क्षण बोली आठवत उभे राहिले. शेवटी कपाटाच्या एका टोकाला भाचा आणि दुसऱ्या टोकाला मी, अशी मूळ नेमणूक पुन्हा लागू झाली.

उतरवून झाल्यावर वडिलांनी भाच्याला टॉवेल-टोपी दिली, जेवून जा म्हणाले, आणि भाड्याचं बघू म्हणाले, लग्न उरकलं की. नव्या मालकाची इथंच परीक्षा असते. टॉवेल-टोपी हातात घेतलेला माणूस भांडू शकत नाही, ही त्या टॉवेलामागची युक्ती आहे. तेवढ्यात आजी आली. तिनं कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, आतल्या तिजोरीतून रुमालाची गाठ काढली आणि ठरलेलं भाडं रोख मोजून दिलं. “वरखडा न्हाई येऊ दिला पोरानं,” असं म्हणत तिनं वर दहाची नोट ठेवली. आजीला एसटीत का जायचं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

जेवताना शेजारच्या पंगतीतल्या फेटेवाल्या पाहुण्यानं भाच्याला विचारलं, “गाडी मालकाची का तुपली?”

“मपली.”

“नील?”

“हप्ते चालू हायेत.”

“मंग फायनान्सवाल्याची,” असं म्हणून पाहुणा जिलबीकडं वळला. स्थळाची बोलणी एवढ्यात उरकलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

आता परतीचं भाडं. या धंद्याचं सगळं मर्म इथं आहे, आणि गाडी विकणारा ते सांगत नाही. जातानाचं भाडं कुणालाही लागतं. येताना गाडी रिकामी आली की जाताना कमावलेलं निम्मं डिझेल पिऊन टाकतं. उरल्यासुरल्याला टायर, हप्ता आणि चहा पुरे पडतात. गंगाखेडच्या मोंढ्यात आम्ही आडत-दुकानं पालथी घातली. सोयाबीन होतं, पण जाणार होतं ट्रकनं. शेवटी एका दुकानदारानं काम दिलं: तुषार संचाचे पाइप, सोनपेठच्या अलीकडं एका शेतात. सोनपेठ परभणीच्या वाटेवर नाही, असं मी म्हणालो. भाचा म्हणाला, “मामा, माल असंल तिकडं आपली वाट.”

पाइप वीस फुटी, हौदा सात फुटी. उरलेल्या तेरा फुटांची वाटणी करायची होती. काही फूट केबिनच्या टपावरून पुढं काढले, बाकीचे फाळक्यावरून मागं. मागच्या टोकाला लाल फडकं बांधावं लागतं. लग्नातला टॉवेल कामी आला. माझं काम मागं बघत बसण्याचं. गंगाखेडच्या बाजारातून बाहेर पडताना गाडी डावीकडं वळली की शेपूट उजवीकडच्या दुकानांत शिरायचं. एका भज्याच्या गाड्यावरची मिरचीची परात पाइपांनी इतक्या अलगद सरकवली की गाडेवाल्यानं आधी मिरची वाचवली आणि मग आमच्या घराण्याचा उद्धार केला. मी “थांब” ओरडायचो ते भाच्याला “लांब” ऐकू यायचं आणि तो आणखी पुढं जायचा.

शेत रस्त्यापासून आत. शेतकरी म्हणाला, “बिनधास्त या, रान वाळलंय.” आमची काळी माती वरून वाळते, खाली ती आपली मतं राखून असते. मध्यावर गेल्यावर मागचं चाक जे बसलं ते उठेना. भाच्यानं रेस दिली, मातीनं माझं धोतर रंगवलं. शेतकऱ्याच्या भावानं ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. “शेजारधर्म हाय. फकस्त घरच्या दळणाचं पोतं सोनपेठाला गिरणीवर टाका,” एवढंच म्हणाला. दळण टाकलं, गिरणीवाल्यानं तिथनं दुसरं दळण याच धर्मात बसवून दिलं. त्या दिवशी आमच्या गाडीत सगळ्यात जास्त मालाची ने-आण फुकट झाली.

सोनपेठहून पुन्हा गंगा ओलांडून पाथरी, गाडी रिकामी. रिकाम्या हौद्याचा खडखडाट भरल्या गाडीपेक्षा मोठा, आणि भाच्याला त्यातला प्रत्येक खडखडाट रुपयांत ऐकू येत होता. पाथरीवर हक्क सांगायची रीत जुनी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असं फेरिश्ता लिहितो, आणि या वतनापायी सोळाव्या शतकात निजामशाही वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढली. अलीकडचा वाद साईबाबांच्या जन्मस्थानाचा. जानेवारी २०२० मध्ये पाथरीसाठी १०० कोटींची घोषणा झाली तेव्हा शिर्डीनं बंद पाळला. भाच्याला या इतिहासात एकच गोष्ट भावली: बंद असला की तिथला माल अडकतो, आणि तो पोचवायला गाडी लागते.

पाथरीला डिझेल भरलं. पेट्रोल महागलं की टीव्हीवाले आधी परभणी गाठतात, कारण राज्यातले सगळ्यात चढे भाव बहुतेक वेळा आमच्याच जिल्ह्यात. कारण साधं आहे. तेल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीहून, अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि टँकरचं भाडं ठरतं जाऊन-येऊन. म्हणजे आमच्या टाकीत पडणाऱ्या प्रत्येक लिटरात रिकाम्या टँकरची मनमाडला परत जाण्याची खुशाली असते. पंपावरच्या पोरानं हे सगळं समजावलं तेव्हा भाचा नोझलकडं बघत गप्प झाला. एरवी तो गप्प बसत नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

मानवतनं लाज राखली. कापसाचं, जिनिंगचं गाव. सरकी आली की मागोमाग पेंड आली. परभणीच्या एका पशुखाद्य दुकानाला पोती पाठवायची होती. “तीस कट्टे टाकतो,” गोदामवाला म्हणाला. पन्नास किलोचा कट्टा, म्हणजे दीड टन. गाडीच्या कागदावर साडेसातशे किलो.

“पंधराच बसतेत,” भाचा म्हणाला.

“आरं, बाकीचे तीस नेतेत. नावाला हत्ती हाय का तुझा?”

“ओव्हरलोडला वीस हजार दंड हाय. वर जादा टनाला दोन हजार. हत्तीला न्हाई, मला.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “मामा, तुम्हाला धरून पंधरा होतेत का, ते बी बघावं लागंल.”

पंधरा कट्टे भरले, मलाही नेलं. तीस किलोमीटर गाडी चकार शब्द न काढता चालली. पाटे बसले होते आणि भाच्याच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदाच मालकाची कळा आली होती.

परभणीत दुकानदारानं कट्टे मोजले, एक फाटका बाजूला काढला, त्याचे पैसे कापायचा विचार केला, माझं पिकलेलं डोकं पाहून सोडला. मग म्हणाला, “रोजच आणत जा. पण भाडं एका बाजूचं.”

“सकाळी मानवताला रिकामा जाणार, त्याचं?”

“ते तू बघ. गाडी तुपली.”

“गाडी मपली, मंग भाव बी मपला. जाऊन-येऊन धरा.”

“टँकरवाला हायेस का?”

“डिझेल त्याच हिशेबानं भरतो, मालक. न्हाईतर जाताना काहीतरी माल तुम्हीच द्या.”

दुकानदारानं डोकं खाजवलं. आतल्या अंधारात रिकाम्या कट्ट्यांचे गठ्ठे रचलेले होते. “बारदाना हाय. मानवताला परत द्यावाच लागतो,” तो म्हणाला. “पण पोती रिकामी असतेत. निम्मं भाडं धर.”

भाचा फाळका लावत म्हणाला, “पोती रिकामी असतेत, टाकी न्हाई.”