थोरलीचे नखरे

अहो, कानावर आलं का? 2021 मध्ये दीड लिटर व्हिस्की विकायला आली आणि किंमत तीस हजार पौंड! अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या: 1972, 1977 आणि 1982 सालच्या. आम्ही लगेच भागाकार केला. साठचा एक पेग सव्वा लाखाच्या घरात, चकण्याचे पैसे वेगळे! आणि चव कशी? जाणकार डोळे मिटून सांगतात, थोडी मेणासारखी, थोडा गोठ्याचा वास. हे कौतुक आहे बरं का, तक्रार नव्हे.

ही ब्रोरा. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, सदरलंडच्या किनाऱ्यावर 1819 साली तिथल्या जमीनदाराने काढलेली भट्टी. आधी कुळांना डोंगरांतून हुसकून समुद्राकाठी आणायचं, मग त्यांच्याच बार्लीला गिऱ्हाईक म्हणून दारू गाळायची. बड्या घरचं औदार्य!

पण खरा तमाशा पुढेच. 1960च्या दशकाअखेर मालकांनी शेजारी नवीकोरी भट्टी उभी केली आणि थोरलीचं ‘क्लायनेलिश’ हे नाव चक्क धाकटीला देऊन टाकलं. सवतीसुद्धा इतकं करत नाहीत! थोरलीला ब्रोरा हे गावाचं नाव चिकटवलं आणि ब्लेंडसाठी धुरकट माल गाळायला जुंपलं. 1983 मध्ये व्हिस्कीचा उठाव पडला, गोदामं तुंबली, तिला कुलूप लागलं. तेव्हा एकाही रसिकाने टिपूस गाळलं असेल तर शपथ! कंपनीने तिच्या नावाची सिंगल माल्ट बाजारात आणली, तीही भट्टी थंड झाल्यावर. मग मात्र एकेका बाटलीसाठी लिलावात हाणामारी. 2019 मध्ये 1972 ची एक बाटली 54 हजार पौंडांवर गेली.

लिलावांतली मागणी बघून मालक कंपनी डियाजिओला पाझर फुटला. जुनी तांब्याची दोन पात्रं डागडुजीला अलोआला नेऊन परत आणली, भट्टीघर दगड न् दगड उतरवून पुन्हा रचलं आणि मे 2021 मध्ये धार सुरू झाली. सगळं जुन्यासारखंच हवं, हा हट्ट. थोरलीचे नखरे आता कुठे पुरवले जातायत!

त्या नव्या धारेला चाळिशी गाठायला मात्र 2061 उजाडेल. तोवर 1983 पूर्वीची उरलीसुरली पिंपं आहेत, कंपनी थेंब मोजून बाटलीत भरते. भाव कमी होईल म्हणून थांबलेल्यांनी खुशाल थांबावं.