त्यामागे शास्त्र आहे!

कोथरूड घ्या, सहकारनगर घ्या, नाहीतर औंध. प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात. मोठ्या सोसायटीत दोन असतात, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं. पायात मुलाने अमेरिकेहून पाठवलेले बूट, डोक्याला मे महिन्यातही माकडटोपी, कारण ‘वारा कानातून शिरतो’. शिरून पुढे कुठे जातो, असं चुकूनही विचारू नका. काका सांगतात, आणि त्यात अर्धा तास जातो.

काकांना अंधश्रद्धाळू म्हटलेलं खपत नाही, आणि ते खरंही नाही. अंधश्रद्धाळू माणूस ‘असं करू नये’ एवढं म्हणून गप्प बसतो. काकांना कारण द्यावं लागतं. रात्री नखं का कापू नयेत? तर त्या वेळी शरीरातली वीज बोटांच्या टोकाशी आलेली असते. कलिंगडावर पाणी का पिऊ नये? पाण्यावर पाणी चढतं. मग हुकमी वाक्य येतं : ‘त्यामागे शास्त्र आहे.’ कुठलं, असं कोणी नवख्याने विचारलंच तर साक्षीला नासा उभी. पूर्वी तिथे जर्मनी असायची. आमच्या लहानपणी सगळं ज्ञान जर्मनांनी आपल्याकडून नेलेलं होतं. पुढे कधीतरी ते खातं नासाकडे वर्ग झालं. 1969 साली चंद्रावर माणूस उतरवून ती मंडळी मोकळी झाली आणि तेव्हापासून तुळस, तांब्याचा तांब्या आणि मांडी घालून जेवणं यांवर संशोधन करत बसली आहेत, अशी काकांची पक्की माहिती आहे.

खरं तर पुण्याच्या माणसाला नासापर्यंत जायचं कारणच नाही. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, शिवाजीनगरला हवामान खातं, विद्यापीठाच्या आवारात आयुका. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुकाचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडतात. काका एकदा गेलेही होते. तिथल्या तरुण शास्त्रज्ञाला त्यांनी बरंच काही समजावून सांगितलं.

खाण्याच्या बाबतीत काका फार कडक. दूध आणि मासे एकत्र खाल्ले की अंगावर कोड येतं. (कोड येतं ते त्वचेतल्या रंगपेशी नाहीशा झाल्यामुळे, युरोपात दुधा-सायीत मासे शिजवून खाणारे पिढ्यान्‌पिढ्या सुखात आहेत.) दूध आणि फळ हा तर विरुद्ध आहारच. पण इथे कोणी मस्तानीचं नाव काढलं की काका क्षणभर थबकतात. दूध, आंबा, वर आइस्क्रीमचा गोळा. गुन्ह्याचे सगळे पुरावे एका उंच ग्लासात! मात्र खटला पुण्याचा असल्यामुळे निकाल फिरतो. ‘हापूसला अपवाद आहे.’ आणि शिकरण? ‘केळं हे तसं फळ धरत नाहीत.’

उपवासावर तर ते तासभर बोलू शकतात. ऋषिमुनींनी किती विचार करून हे पदार्थ ठरवले, वगैरे. आता साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिकेचीच. वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला, आणि त्यानंतरच्या काळात युरोपीय गलबतांच्या वाटेने ही मंडळी आपल्या स्वयंपाकघरात शिरली. एकादशीच्या खिचडीत जुनं, घरचं म्हणावं असं उरतं ते तूप आणि जिरं. हे सगळं ऐकून काकांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे बघा, आपले ऋषी तेव्हाच अमेरिकेपर्यंत पोचले होते!’ अशा माणसाशी वाद घालू नये, खिचडी वाढून घ्यावी.

आकडे दाखवून उपयोग होईल असं वाटत असेल, तर तेही करून झालं आहे. 2008 साली जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या : मूल हुशार की मतिमंद, एवढंच ओळखायचं. उत्तरं बरोबर आली सरासरी 46 टक्के. नुसतं नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती. काकांचा अभिप्राय : ‘चाळीस फार झाल्या हो. दमले असतील बिचारे.’

काकू वेगळ्या आहेत. त्या कारणं सांगत नाहीत, करून बघतात. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपती दूध प्यायला, तेव्हा काकांनी देव्हाऱ्यातल्या मूर्तीच्या सोंडेला चमचा लावला. दूध खाली गेलं. काकांनी हात जोडले; काकूंनी मूर्तीखालचं फडकं उचलून पिळून दाखवलं. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं. काकूंचं फडक्यावर भागलं.

26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात काकांनी परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं आणि सबंध विंगेला चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणावर व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी तेच मुसळ पुन्हा उभं केलं. आधी पाण्यात, मग कोरड्या फरशीवर. बूड सपाट होतं, राहिलं उभं. काका म्हणाले, ‘ग्रहणाचा परिणाम चोवीस तास राहतो.’

तरी काकांवाचून सोसायटीचं पान हलत नाही. कोणाला डेंगी झाला की पपईच्या पानांचा रस घेऊन तेच पहिले हजर, आणि रात्री दवाखान्यात बसायला माणूस हवा असला तरी तेच. रस गुपचूप कुंडीत ओतता येतो. रात्री बसणारा माणूस हल्ली मिळत नाही.

त्यांची एकच गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. सकाळी बागांबाहेर कारल्याचे, दुधीचे रस मिळतात, आणि ‘जितकं कडू तितकं गुणकारी’ हे काकांचं लाडकं सूत्र आहे. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. 2010 साली दिल्लीत असा रस पिऊन एकाचा मृत्यू झाला, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला त्यावर समिती नेमावी लागली. तेव्हा रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या, दुसऱ्या रसात मिसळून खपवू नका. आणि पिऊन झाल्यावर उलट्या, पोटदुखी सुरू झालीच, तर फोन डॉक्टरांना करा, काकांना नको.