न आलेल्या भाडेकरूस अनावृत पत्र

प्रति,
माननीय आदर्श भाडेकरू,
मु. पो. घरमालकाच्या मनात, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड.

स. न. वि. वि.

आपल्याला अजून कोणी पाहिलेलं नाही. आपलं नाव, गाव, पगार, दुचाकी की चारचाकी, यातलं काहीच कोणाला ठाऊक नाही. तरीही भिलाईच्या नेहरूनगरात दोन बेडरूमच्या एका घरात गेले अडीच महिने आपल्याच आवडीप्रमाणे काम चाललं आहे, म्हणून आधी आपले आभार. हॉलच्या आणि दोन्ही बेडरूमच्या छतांना पीओपीची नक्षी आपल्याला हवी होती म्हणे. स्वयंपाकघरात आवाज न करता आपोआप मिटणारे ड्रॉवरही आपल्यासाठीच. न्हाणीघरात पावसासारखा अंगावर पडणारा शॉवर बसला आहे. त्याच्या टाकीत मे महिन्यात चटके देणारं पाणी असतं, हा तपशील वेगळा. आपण यातलं काहीही मागितलं नव्हतंत हे खरं. पण न मागताच ज्याला सगळं मिळतं, त्यालाच तर आदर्श म्हणायचं.

ज्यांनी हा खर्च मांडला आहे ते गृहस्थ म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. भिलाईत असे गृहस्थ दर महिनाअखेरीला तयार होतात. वयाची साठ वर्षं पुरी झाली की महिन्याच्या शेवटच्या तारखेला पोलाद कारखान्यातून एक तुकडी हारतुरे घेऊन बाहेर पडते. भविष्य निर्वाह निधी हाती येतो, ग्रॅच्युइटी येते. तिची कायदेशीर कमाल मर्यादा 2018 मध्ये 10 लाखांवरून 20 लाखांवर गेली. कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागतं. मग एक घर राहायला आणि जमलंच तर एक भाड्याने द्यायला. ‘घर पाहावं बांधून’ असं सांगणाऱ्या पूर्वजांनी भाड्याने देऊन पाहण्याबद्दल काहीच लिहून ठेवलं नाही, त्यामुळे या दुसऱ्या घरापाशी माणूस एकटा पडतो.

आपल्या गृहस्थांचे वडील भंडाऱ्याकडचे, असं धरून चालू. विदर्भ आणि दुर्ग यांच्यात तेव्हा राज्याची सीमाही नव्हती. 1956 पर्यंत दोन्हीकडचा कारभार नागपूरहूनच चाले. सोव्हिएत संघाशी भिलाईच्या कारखान्याचा करार फेब्रुवारी 1955 मध्ये झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी धरून विदर्भातली तरुण मुलं इथे उतरली, बंगाली, तेलुगू, मल्याळी शेजाऱ्यांमध्ये रुजली आणि पुढच्या पिढीची मराठी ‘पाणी आलं नाही’च्या ऐवजी ‘नळ नाही आला’ म्हणू लागली.

इथेच खरी गंमत आहे. गृहस्थ जन्मले सेक्टरच्या क्वार्टरमध्ये, नोकरीला लागले आणि पुन्हा क्वार्टरमध्येच राहिले. म्हणजे वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत ते भाडेकरूच होते. घरमालक होता कारखाना, गावातला सगळ्यात मोठा. त्यानं हजारो घरं ठरावीक नकाशांवर बांधली, खिडक्यांची मापं ठरवून दिली, भाडं परस्पर पगारातून कापलं आणि ‘तुम्हाला भिंतीला कोणता रंग आवडेल?’ असं जन्मात विचारलं नाही. पाळी आली की चुना मारून दिला. नळ गळला की मेंटेनन्स ऑफिसात तक्रार लिहायची आणि वाट बघायची. त्या घरात गृहस्थांनी दोन मुलं वाढवली. छताच्या हुकाला पाळणा टांगला, पुढे त्याच हुकाला झोका. भाडेकरूला काय लागतं यावर त्यांच्याइतका अनुभव दुर्ग जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. तरी मालक होताच त्यांनी पहिला सल्ला घेतला तो पुण्यातल्या मुलाचा. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर मॉड्युलर किचनचे अकरा फोटो पाठवले. ‘बाबा, आता असंच लागतं.’

कुठे लागतं, हे बाबांनी विचारलं नाही.

कारखान्याच्या रेल मिलमधून 130 मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. त्यात मिलिमीटरचा फरक चालत नाही. तिथे उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हिशेब येत नाही असं म्हणायची कोणाची छाती नाही. म्हणून हिशेब त्यांच्याच वहीत मांडू. आकडे धरलेले आहेत, आपापल्या गल्लीप्रमाणे बदलून घ्यावेत. घर आहे तसं, ठाकठीक करून दिलं तर भाडं महिना 9,000. पीओपी, किचन, शॉवर, नव्या फरशा असा 4 लाखांचा थाट केला तर 11,000. गृहस्थ खूश, महिन्याला दोन हजार जास्त! वर्षाचे झाले 24,000. म्हणजे 4 लाख वसूल व्हायला सोळा वर्षं आणि आठ महिने. तेवढ्या काळात ते आपोआप मिटणारे ड्रॉवर किती वेळा आपोआप निखळतील, ते सुताराला विचारावं. हेच 4 लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 28,000 आले असते. ठेवीला बिजागऱ्या नसतात.

शिवाय अडीच महिने घर बंद राहिलं. नऊ हजारांच्या हिशेबानं ते साडेबावीस हजार गेले. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये हा आकडा कुठेच नसतो. कारण तो ठेकेदाराच्या खिशातून जात नाही. ‘काली आहूं’, म्हणजे उद्या येतो, असं छत्तीसगडीत मोठ्या गोडव्यानं सांगून मिस्त्री जातो, तेव्हा त्या ‘काली’ची किंमत रोज तीनशे रुपये असते.

खर्च रुपयांत मोजण्याऐवजी भाड्याच्या महिन्यांत मोजला असता तर बरं झालं असतं. वायरिंग आणि अर्थिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गळके नळ, खिडक्यांच्या जाळ्या आणि साधा रंग यांना 75,000 धरले तर साडेआठ महिन्यांच्या आतलं भाडं. त्यानं भाडं एक रुपयाही वाढत नाही, म्हणून गृहस्थांना तो खर्च बेचव वाटला. पण तो केला नाही तर पहिला पाऊस झाल्याबरोबर बेडरूमच्या भिंतीवर ओल उमटते आणि भाडेकरू दिवाळीच्या आधी दुसरं घर बघतो. तो चार लाखांचा थाट मात्र याच हिशेबानं चव्वेचाळीस महिन्यांहून जास्त भाड्याचा. तो कोणासाठी केला, तर आदर्श भाडेकरू, आपल्यासाठी.

या सगळ्यात सरकार कुठे आहे? सरकारनं हा मोह आधीच ओळखून ठेवला आहे. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे घरभाड्यातून, पालिकेचा कर वजा गेल्यावर, सरसकट 30 टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपया खर्च करा की चार लाख, टक्के तेच. 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानंही ही 30 टक्क्यांची वजावट तशीच ठेवली. पालिकेचा कर क्षणभर बाजूला ठेवला तर 9,000 च्या घराला वर्षाची वजावट 32,400 आणि 11,000 च्या घराला 39,600. गृहस्थांच्या चार लाखांची प्राप्तिकर खात्यानं घेतलेली दखल म्हणजे वर्षाला ही 7,200 ची जास्तीची वजावट. तीही वजावट, परतावा नव्हे. पुढे कधी घर विकलं तर टिकाऊ सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण त्याला बिलं लागतात. रंगरंगोटी त्यात धरत नाहीत. गृहस्थांनी तर जीएसटी वाचवायला सगळं काम कच्च्या चिठ्ठीवर केलं आहे. ती चिठ्ठी सध्या सिमेंटच्या रिकाम्या गोणीखाली आहे.

‘आदर्श’ हा शब्द सरकारी कागदात आहे, पण तो आपल्याला लावलेला नाही. जून 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला, त्यात कायदा आदर्श आहे, भाडेकरू साधाच. त्याच्या परिशिष्टात कोणी काय दुरुस्त करायचं याची यादीच दिली आहे. इमारतीची डागडुजी, भिंतींचा चुना, दारंखिडक्यांचा रंग, गरज पडेल तेव्हा नळाचे पाइप, आतली-बाहेरची वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, बटणं, गिझरची दुरुस्ती, फुटलेल्या काचा हे भाडेकरूकडे. छताची नक्षी दोन्ही यादीत नाही. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे चार लाखांच्या सजावटीला राखण अठरा-बावीस हजारांची.

छत्तीसगडचा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा 2011 चा आहे आणि त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या कायद्यानं भाड्याच्या भांडणासाठी रायपूरला न्यायाधिकरण नेमलं आणि त्याच्या निकालावर अपील ठेवलं ते थेट सर्वोच्च न्यायालयात! दुर्गच्या गल्लीतलं नळाचं भांडण मध्ये कुठेही न थांबता दिल्लीला. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की राज्याच्या विधिमंडळाला असा अधिकारच नाही, आणि ते कलम रद्द केलं. घरमालकांची महत्त्वाकांक्षा कुठवर जाऊ शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा सापडणं कठीण.

असो. भिलाईच्या उन्हाळ्याकडे वळू. मे महिन्यात पारा 44-45 अंशांना शिवतो आणि घराची सगळी लायकी एका प्रश्नावर येऊन ठरते, कूलर कुठे बसेल? त्याला बाहेरून हवा खेचणारी खिडकी हवी, वजन पेलणारं लोखंडी स्टँड हवं, जवळ पाण्याचा नळ आणि नीट अर्थिंग असलेला प्लग हवा. ओल्या पत्र्याच्या पेटीशी विजेची थट्टा चालत नाही. गृहस्थांनी हॉलच्या त्याच खिडकीला सरकणारी काच बसवून बाहेरून नक्षीदार ग्रिल वेल्ड करून घेतलं. आता तिथून हवेशिवाय काहीही आत येऊ शकत नाही, आणि हवाही विचार करूनच येते.

गच्चीचं तर विचारू नका. तेलंगण सरकारनं 2023 मध्ये छतं थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. त्यातलं शास्त्र आपल्या आज्यांना ठाऊक होतं, पांढरं छत ऊन परतवतं. चुन्याचे दोन हात किंवा पांढऱ्या रंगाचा थर, बस्स. गृहस्थांच्या पत्नींनी हे सुचवलं होतं. गृहस्थ म्हणाले, गच्ची कोण बघतं? बाई म्हणाल्या, ‘अहो, चुना गच्चीलाच लावायचा असतो. तुम्ही खाली आपल्यालाच लावून घेताय.’ त्यानंतर घरात दोन दिवस फक्त कामापुरतं बोलणं झालं.

वेगळ्या वीजमीटरचा मुद्दाही बाईंचाच. छत्तीसगडात 2019 पासून घरगुती ग्राहकाला 400 युनिटपर्यंत निम्म्या बिलाची सवलत होती. 2025 मध्ये ती मर्यादा खाली आणली गेली. दोन घरं एकाच मीटरवर असली की युनिटं एकत्र धावतात, सवलत हातची जाते आणि दर महिन्याला बिलाच्या वाटणीवरून तोंडं वाकडी होतात. मीटरचा खर्च छताच्या नक्षीपुढे किरकोळ होता. पण मीटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कोण पाठवतो?

आपल्याबद्दल, आदर्श भाडेकरू, एक अफवा आहे. आपण भिलाईच्या आयआयटीत प्राध्यापक आहात, असं गृहस्थ मिस्त्रीला सांगत असतात. आयआयटी 2016 मध्ये रायपूरच्या तात्पुरत्या जागेत सुरू झाली आणि कुटेलाभाठा इथल्या तिच्या कायमच्या परिसराचं लोकार्पण फेब्रुवारी 2024 मध्ये झालं. तेव्हापासून दुर्ग-भिलाईतल्या प्रत्येक नव्या घरमालकाच्या स्वप्नात एक प्राध्यापक पीओपीकडे बघत उभा असतो. परिसरात निवासस्थानं आहेत, हे स्वप्नात दिसत नाही.

खरी माणसं परवा रविवारी दुपारी येऊन गेली. आपण नव्हे. ती सेक्टर 9 च्या रुग्णालयात परिचारिका, तो चरोद्याच्या रेल्वे यार्डात. तिनं आधी नळ सोडून धार बघितली आणि पाणी किती वाजता येतं ते विचारलं. त्यानं हॉलच्या खिडकीवर वितीनं माप घेतलं, ग्रिल हलवून पाहिलं आणि गप्प बसला. ड्रॉवर दोघांनीही उघडले नाहीत. छत खाली आल्यामुळे पंखाही खाली आला होता, म्हणून तो त्याखालून जरा वाकूनच गेला. गृहस्थ शॉवर दाखवायला वळले, तेवढ्यात तिनं वर बघून विचारलं, ‘अंकल, यहां झूला टांगने का हुक नहीं है क्या?’ तिला सातवा महिना होता.

हुक होता. दोन बेडरूमना दोन आणि हॉलला एक, असे तीन हुक होते. पीओपीच्या आत आहेत. जोडपं ‘फोन करते हैं’ म्हणून गेलं आणि गृहस्थ सोमवारी सकाळी सात वाजल्यापासून हातोडी आणि शिडी घेऊन घरात आहेत. स्लॅब भरताना हुक भिंतीपासून किती फुटांवर ठेवला होता, ते त्यांना नीट आठवत नाही. मिस्त्रीला फोन केला होता. काली आहूं, म्हणाला.

कळावे, लोभ असावा. उत्तराची घाई नाही, पत्ता बदलला तर मात्र कळवावे.

आपले,
नेहरूनगरचे शेजारीपाजारी