पंधरा पाळ्यांचा हिशेब

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पहिली पाळी सुटते तेव्हा गरवारे पॉईंटवर जरा वेळ उभे राहा. गर्दीत कॉलेजची पोरं लगेच ओळखू येतात. डब्याच्या पिशवीशेजारी सॅक असते आणि सॅकमध्ये अर्धवट लिहिलेलं जर्नल. खोलीचं भाडं आणि कॉलेजची फी ही पोरं स्वतःच्या पगारातून भरतात. कॉलेजच्या हजेरीपटावर मात्र ती गैरहजर.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात मुख्य विषयाशी निगडित प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण अभ्यासक्रमात आलं. सगळे त्याला ओजेटी म्हणतात. क्रेडिट चार. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे एकूण १२० तास. अंबडच्या भाषेत आठ तासांच्या पंधरा पाळ्या.

आता रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी घ्या. प्लेटिंगच्या कारखान्यात तो रोज टाकीतल्या द्रावणाचं टायट्रेशन करतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चुकलं तर पुन्हा करता येतं. इथे चुकलं तर अख्खा लॉट परत येतो. महिन्याला २६ दिवस धरले तर सहा महिन्यांत त्याचे १,२४८ तास भरतात. तरी त्याला सांगितलं जातं, ‘नोकरी वेगळी, ओजेटी वेगळी.’ मग तो पंधरा दिवसांचा पगार बुडवून दुसरीकडे फुकट राबतो, नाहीतर ओळखीच्या ऑफिसातून शिक्का मारलेलं पत्र आणतो. खरं काम वाया जातं आणि खोटा कागद फायलीत लागतो. याला मी अन्यायच म्हणेन.

नियम आड येतो म्हणावं, तर तसंही नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाचा अनुभवही, नीट मूल्यमापन करून, क्रेडिटमध्ये धरण्याची सोय आहे. कल्पनाही नवी नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्येच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवलं, तेही पगारावर. आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांनी १९४७ मध्ये साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर कॉलेज उभं केलं. कष्ट करणारा विद्यार्थी कमी प्रतीचा नसतो, हे तिथे तेव्हाच ठरलं होतं. तिथे श्रमातून शिक्षणाचा खर्च निघायचा. आता त्या श्रमातलं शिक्षणही मोजा, एवढंच मागणं आहे.

सगळ्याच कामाला क्रेडिट द्या, असं मी म्हणत नाही. पॅकिंग लाइनवर खोकी भरणाऱ्या भौतिकशास्त्राच्या मुलाला ते काम विषयाचं म्हणून दाखवता येणार नाही. पण त्याच कंपनीत मायक्रोमीटर घेऊन ड्रॉइंगप्रमाणे माप तपासत असेल, तर येईल. फरक कळायला जागेवर जाऊन पाहावं लागतं.

कंपन्यांनाही एक सांगायचं आहे. ‘क्रेडिट मिळतंय ना, मग पैसे कशाला?’ हे बोलणं बंद करा. क्रेडिट कॉलेज देतं, घामाचा दाम तुम्ही द्यायचा असतो. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन बंधनकारक आहे. ओजेटीला आलेलं पोरही त्याच मशीनपाशी, तितकाच वेळ उभं असतं. फुकट राबणं फक्त खात्यापित्या घरच्या मुलांना परवडतं. गरवारे पॉईंटवर बसची वाट पाहणाऱ्याला नाही.

प्राचार्यांनो, या सत्रात एवढं करा. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी काढा. पगारपत्रक आणि हजेरी पाहा, सुपरवायझरशी बोला, कामावर तोंडी परीक्षा घ्या आणि विषयाचं काम असेल तर चार क्रेडिट देऊन टाका. कॉलेज रोडवरून अंबडला दुचाकीने अर्धा तास लागतो. एकदा तुमच्या प्राध्यापकांना पाळीच्या वेळी तिथे पाठवा.